रेषेवरचा चुना

६ सप्टेंबर

काड्या,

आशीर्वाद शेवटी देईन, तोवर वाचत राहिलास तर.

पत्राला कारण एवढंच, की तू फोन उचलत नाहीस. सतरा वेळा लावला. खालच्या मजल्यावरची शिंपीण म्हणाली, "मावशी, नंबर बदलला असेल त्याने." मी म्हटलं, बदलला असता तर कुणीतरी परका उचलून खेकसला असता. हा वाजतो, वाजतो आणि गप्प होतो, म्हणजे तो खिशातच आहे.

म्हणून लिहिते आहे. चौथीपर्यंतची शाळा आणि तीस वर्षं क्लबातल्या पोरांच्या मोज्यांवर मार्करने आकडे घातले, एवढंच माझं शिक्षण. अक्षर लागलं नाही तर तुझं नशीब. पत्ता तुझ्या नव्या क्लबाचा घातला आहे, खोलीचा पत्ता तू दिला नाहीस.

शनिवारी तुझा खेळ पाहिला, शिंपिणीच्या फोनवर. पडदा बिस्किटाएवढा, त्यात तू मुंगीएवढा. शिंपीण दर दोन मिनिटांनी विचारते, "यातला आपला कुठला?" मी म्हटलं, जो कडेने पळतोय आणि ज्याला कुणी चेंडू देत नाहीये, तो. बोलणारा माणूस तुला 'एकोणीस वर्षांचा वेगवान विंगर' म्हणाला तेव्हा तिने टाळी वाजवली. तिला वाटलं गोल झाला.

घरी सगळं जागच्या जागी आहे. तुझी कॉट मी देवघरासारखी जपलेली नाही, तिच्यावर इस्त्रीचे कपडे असतात. खिडकीजवळची आजोबांची खुर्ची अजून तिथेच आहे. दिवसातून दोनदा तिला अडखळते आणि दोनदा शिव्या देते.

आता तुझ्या अटीबद्दल. जाताना तू दारात उभं राहून म्हणालास, "त्या माणसाचा क्लब सोडशील तेव्हा बोलेन तुझ्याशी." मी क्लब सोडलेला नाही. धुलाईची खोली माझी आहे, कोचची नाही. त्या दोन मशीन माझ्या लाथेशिवाय चालू होत नाहीत.

तू सगळ्या मैदानासमोर कोचला चुगलखोर म्हणालास. मोठ्या क्लबाचा डॉक्टर तुला तपासायला आला, कुणीतरी त्याच्या कानावर तुझा गुडघा घातला, त्याने तुला मशीनखाली घातलं आणि म्हणाला, सहा महिने उपचार घे, खेळू नकोस, मग बघू. आणि गुडघा दुखतो हे फक्त कोचला माहीत होतं, तोच तुला बर्फ द्यायचा, म्हणजे सांगणारा कोचच. सरळ उत्तर. शाळेतही तुझी गणितं अशीच झटपट सुटायची आणि मास्तर मला बोलावून घ्यायचे.

सहा महिने थांबायचं सोडून तू पहिल्या मिळेल त्या क्लबात गेलास. तिथे कुणी तपासलं नाही म्हणे. न तपासता तर मी भाजीही घेत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तिथे तुझे कपडे कोण धुतं? आणि गुडघा कसा आहे? पहिलीचं खरं उत्तर दिलंस तर दुसरीचं मी त्या धुणाऱ्या बाईकडून काढीन.

आजी


२९ सप्टेंबर

काड्या,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. 'गुडघा ठीक आहे. त्या माणसाचं नाव काढू नकोस.' कपडे कोण धुतं ते नाहीच.

गोल मारलास तोही पाहिला. शिंपिणीने मशीन थांबवून मला हाक मारली. पेपरात आलंय, की डावीकडून एकदम आत वळणं ही या पोराची खुबी. खुबी म्हणे! अकरा वर्षांचा होतास तेव्हापासून तू रेषेला चिकटून थेट कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत पळत जायचास आणि तिथून चेंडू मधे टाकायचास. आडवं येणारं पोर तुला रेषेबाहेर लोळवायचं. तुझी चड्डी नेहमी डाव्या बाजूने पांढरी. मैदानाच्या रेषेचा चुना. गार पाण्यात भिजवायचा, ब्रशने घासायचा, मग मशीनमध्ये. बाकीच्या दहा जणांचे कपडे एका बाजूला आणि तुझी चड्डी एका बाजूला. शिव्या घातल्याशिवाय मी ती एकदाही धुतली नाही.

आता तू आत वळतोस. बिस्किटाएवढ्या पडद्यावरही दिसतं. रेषा तुझ्यासमोर मोकळी पडलेली असते आणि तू आत वळतोस.

'ठीक आहे' हे आजोबाही म्हणायचे. तू पाहिलेस ते खुर्चीतले. त्याआधी ते गोदामात पोती उचलायचे आणि घरी आले की ओट्याला टेकून शीळ घालायचे. कमरेतून पायात कळ जायला लागली तेव्हा मुकादमाला कळलं तर काढून टाकतील, म्हणून लंगडणं लपवायला शिकले. इतकं चांगलं शिकले की एका छपराखाली राहून मला कळलं नाही. त्यांच्या विजारी मीच धुवायचे. टाचेकडची उजवी कड झिजलेली, डावी कोरी. दिसत होतं सगळं, पण तेव्हा मला कपडे वाचता येत नव्हते. मग एक दिवस पोत्याखाली बसले ते उठलेच नाहीत. पुढे अकरा वर्षं मी त्यांना उचललं. सकाळी खुर्चीत, दुपारी खुर्चीतून, संध्याकाळी परत. तुझी आई गेली त्या दिवशीसुद्धा आधी त्यांना उचललं, मग रडले.

असो. कोचचं नाव काढू नकोस म्हणतोस, तर नाव काढत नाही, बातमी सांगते. दोन पोरांचे बाप क्लबात आले होते. "हा आमच्या पोरांची दुखणी मोठ्या क्लबांना कळवतो," म्हणाले. "त्या काड्याचं काय केलं ते सगळ्या गावाला माहीत आहे." पोरं काढून घेऊन गेले. परवा आणखी तिघं गेली. कोच आपला शिट्टी तोंडात धरून उभा राहतो आणि वाजवायचं विसरतो.

त्याने सांगितलं नसेल असं तुझ्या डोक्यात एकदाही येत नाही का?

आजी


२० ऑक्टोबर

काड्या,

कोचला काढला. कमिटीची मीटिंग झाली आणि सेक्रेटरीने कागद हातात दिला. बावीस वर्षं झाली होती त्याला.

दुपारी तो धुलाईच्या खोलीत आला. क्लबाचा ट्रॅकसूट घडी करून आणला होता.

"मावशी, हा जमा करून घ्या."

"धुतलायस?"

"नाही."

"मग जमा कसा करून घेऊ? टाक इकडे."

मी तो मशीनमध्ये टाकला आणि लाथ घातली. तो पालथ्या बादलीवर बसला. मशीन फिरून होईपर्यंत बसला होता. मधे एकदा म्हणाला, "कडेचं गवत यंदा फार वाढलंय, रेषा नीट दिसत नाही." मी म्हटलं, "आता तुला काय करायचंय रेषेशी?" बोलून गेले आणि मग जीभ चावली. पण तो हसला.

मग तो आणखी एक गोष्ट बोलला.


२८ ऑक्टोबर, तेच पत्र

काड्या,

वरचं शेवटचं वाक्य लिहून पत्र इस्त्रीच्या कपड्यांखाली सरकवलं होतं. आठ दिवस झाले. रोज एक थर कपडे वर चढवले. आज सगळे कपडे इस्त्री करून झाले आणि खाली हेच राहिलं.

तो म्हणाला, "मावशी, त्या डॉक्टरला चड्डी तुम्ही दाखवलीत ना?"

मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"डॉक्टरनेच. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, तुमची कपडे धुणारी बाई आमच्या मशीनच्या तोंडात मारेल."

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत आहे?"

"हो."

"मग पोर तुझ्या अंगावर ओरडत होतं तेव्हा तोंडात काय शिट्टी अडकली होती?"

तो म्हणाला, "मावशी, त्याला कोच आणखी दहा मिळतील. घर एकच आहे."

मला त्याचा इतका राग आला! माझ्या डोक्यावर एवढं मोठं ओझं ठेवायचं आणि वर स्वतः बादलीवर पडल्या चेहऱ्याने बसायचं.

तर आता ऐक. मी सांगितलं. तुझा गुडघा मी सांगितला. कोचने नाही.

कोचने तुला एवढंच सांगितलं होतं, की तूच डॉक्टरसमोर बोल. तू म्हणालास, बोलेन. तो गप्प राहिला. माझ्याशी तर तू बोललाच नव्हतास. तुला वाटायचं म्हातारीला काय कळतं. तू घरी हसत यायचास, दोन पायऱ्या एकदम चढायचास, मला ऐकू जाईल असा. आजोबांची शीळ आणि तुझ्या त्या पायऱ्या, दोन्ही एकच.

पण तुझी चड्डी माझ्याकडे यायची. तीन आठवडे तिला चुना नव्हता. आधी वाटलं, रेषा आखली नसेल. मग उजव्या कडेने पळणाऱ्या पोराची चड्डी पाहिली, तिला होता. मग तुझे मोजे उलटे केले. उजव्या मोज्याला आतून चिकटपट्टीचा गोंद आणि मलमाचा वास. आणि उजव्या गुडघ्यावर मातीचा ठिपका नाही. फुटबॉल खेळणाऱ्या पोराचा गुडघा तीन आठवडे स्वच्छ? लग्नाला गेल्यासारखा? तू त्या बाजूला पडतच नव्हतास. सगळं अंग चोरून, रेषेपासून लांब आत राहून, डावीकडे पडत होतास. रेषेकडे झेप घ्यायची तर सगळा भार उजव्या गुडघ्यावर येतो, हे मला नंतर कोचने समजावलं. मला समजावायची गरज नव्हती.

डॉक्टर माझ्या खोलीत आला तो फक्त टॉवेल मागायला. टेबलावर घालायला स्वच्छ टॉवेल हवा होता. मी टॉवेल दिला. तो दारापर्यंत गेला. मी त्याला जाऊ देऊ शकले असते, काड्या. त्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. मी हाक मारली. ढिगातून तुझी चड्डी आणि मोजे काढले आणि टेबलावर पसरले. म्हटलं, "डावी बाजू बघा. हे पोर रेषेवर खेळतं. चुना कुठाय?" तो बराच वेळ पाहत होता. मग त्याने मोजा उलटा केला, वास घेतला आणि मला विचारलं, "तुम्ही त्याच्या कोण?" मी म्हटलं, "कपडे धुणारी."

ते लिहून टाकलं ते बरं झालं. मी तुझी आजी आहे हे मी त्याला सांगितलं नाही.

आता तू विचारशील का. तुझ्या भल्यासाठी केलं, असं मी म्हणणार नाही. भल्याबिल्याचं मला कळत नाही. मला परत एक माणूस उचलायचा नव्हता. माझ्या कमरेत आता तेवढं बळ नाही, आणि असतं तरी नको होतं. हे एक. आणि दुसरं, तू जावंस असं मला वाटत नव्हतं. एवढ्या लांब, एवढ्या मोठ्या क्लबात, कायमचा. यातलं किती पहिलं आणि किती दुसरं ते मला सांगता येणार नाही. पांढरे आणि रंगीत एकत्र भिजले की मग कुठला रंग कुणाचा ते वेगळं होत नाही.

मला वाटलं होतं, तू सहा महिने घरी राहशील, पाय बरा होईल, मग जाशील. तू आठ दिवसांत गेलास, दुसरीकडे. तोच गुडघा घेऊन. म्हणजे मी काय मिळवलं? घर रिकामं झालं, कोचची नोकरी गेली आणि गुडघा आहे तिथेच आहे.

कोचला पत्र लिही. माफी माग असं सांगत नाही, तुला जमायचं नाही, तू माझ्यावर गेलायस. नुसतं लिही.

आणि मला लिहायचं नसेल तर लिहू नकोस. खेळून आल्यावरची चड्डी पाठव, न धुता. मी वाचीन.

आजी


१६ नोव्हेंबर

काड्या,

तुझं काही आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मी कमिटीपुढे गेले होते. सेक्रेटरीला म्हटलं, कोचने काही सांगितलेलं नाही, मी सांगितलं, माझं नाव कागदावर घाला. तो हसायला लागला. "मावशी, तुम्ही? चड्डी बघून गुडघा सांगितला? कोचने पाठवलं ना तुम्हाला?" बाकीचे चौघंही हसले. एकाने तर विचारलं, "माझा शर्ट बघून साखर किती ते सांगता का?"

मी खाली गेले आणि त्या सकाळच्या सरावाचा कपड्यांचा ढीग उचलून आणला. टाकला त्यांच्या टेबलावर, चहाच्या कपांवर. त्यांच्या नाकाला रुमाल गेले. म्हटलं, "हा गोलकीपर. डाव्या खांद्यावर पडत नाही, बाही बघा, कोरी आहे. याची टाच सोलली आहे, मोज्याला आतून रक्त, आणि बूट एक नंबर लहान आहे, घरी सांगत नाही. हा मधे खेळणारा, याला काही झालेलं नाही, हा पळतच नाही, घामाचा डाग बोटभरसुद्धा नाही. आणि साहेब, तुमच्या शर्टाचं म्हणाल तर पोटावरचं बटण दोनदा शिवलंय, त्याला साखरेचं मशीन लागत नाही."

मग कुणी हसलं नाही. गोलकीपरला बोलावून खांदा दाबला तेव्हा पोर कळवळलं.

कोचला परत घेतलंय, पण फक्त लहान पोरांवर. मोठ्यांवर नवा माणूस आणलाय. तो रेषा आखायला कंटाळतो.

माझं म्हणशील तर सगळ्यांना कळलं, की मावशी कपड्यांतून माणसं वाचते. दुसऱ्या दिवसापासून पोरं कपडे घरी नेऊ लागली. एकही मोजा येत नाही. गोलकीपर तर मला बघून पिशवी पोटाशी धरतो. मशीनमध्ये आता नुसते टॉवेल फिरतात आणि टॉवेल काय बोलणार! तीस वर्षांनी मला धुलाईच्या खोलीत बसून विणकाम करायची वेळ आली आहे. मला विणता येत नाही. लाज मात्र वाटली. त्या पोरांनी विश्वासाने घाणेरडे कपडे टाकले होते आणि मी ते टेबलावर पसरले. खरं असेना का, ते त्यांचं होतं. तुझंही तुझंच होतं.

खुर्ची शिंपिणीला दिली. दोघींनी मिळून जिन्यावरून खाली नेली. ती म्हणाली, "मावशी, मला उंच बसून शिवायला छान होईल." खिडकीजवळ आता मोकळं आहे. परवा मी तिथे अडखळायला काही नाही म्हणूनच अडखळले.

मागच्या पत्रानंतरचे तुझे तिन्ही खेळ पाहिले. शेवटच्यात तुला अर्ध्यातून बाहेर बसवलं. बाकावर बसल्यावर तू उजवा पाय सरळ ठेवलास, दुमडला नाहीस. इंजेक्शन घेतोस का? घेत असशील. ते दुखणं बरं करत नाही, दुखणं बोलतं त्याचं तोंड बांधतं.

एवढं ऐक. सोडवत नसेल खेळ तर नको सोडू. पण रेषेवर जाऊ नकोस. आत वळ. पेपरवाले त्याला खुबी म्हणतायत तर म्हणू देत. मी कुणाला सांगणार नाही.

आजी


५ डिसेंबर

काड्या,

शनिवारी शिंपीण बहिणीकडे गेली होती, फोन तिच्याबरोबर, म्हणून मी खेळ पाहिला नाही. मला कुणी काही बोललं नाही. सोमवारी क्लबात गेले तर सेक्रेटरीने मला 'बसा' म्हटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. तेव्हाच काहीतरी झालंय हे कळायला हवं होतं, पण मला वाटलं मला काढून टाकतायत. त्याने नुसताच चहा मागवला आणि गवताबद्दल बोलत राहिला.

आज गुरुवार. सकाळी पार्सल आलं. पत्त्यावर अक्षर तुझं, पण सगळं तिरकं, झोपून लिहिल्यासारखं. आत चिठ्ठी नाही. शर्ट, चड्डी, मोजे. न धुतलेले, वाळून पुठ्ठ्यासारखे झालेले.

मी ते क्लबात नेले. घरी उघडवेना. टेबलावर पसरले.

चड्डी डाव्या बाजूने पांढरी आहे. कमरेपासून खालपर्यंत. चुना इतका आहे की हात लावला तर बोटांना लागतो. शर्टाच्या डाव्या बाहीवर आहे, कॉलरला आहे. आणि उजवा मोजा वरपासून टाचेपर्यंत कात्रीने कापलेला आहे. खेळताना फाटलेला नाही, सरळ कापलेला. पायातून काढता येत नाही तेव्हा कापतात तसा.

मी कोचला हाक मारली. तो लहान पोरांना सोडून आला. पहिल्यांदा चड्डी पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला रे. खोटं सांगत नाही.

"मावशी! गेला होता की शेवटपर्यंत! झेंड्यापर्यंत गेला होता!"

मी म्हटलं, "हो. आणि तिथेच राहिला." आणि मोजा त्याच्यासमोर धरला.

तो बादलीवर बसला. मग त्याने सांगितलं, पेपर त्याने रविवारीच वाचला होता. उजव्या गुडघ्यातलं सगळं तुटलं, स्ट्रेचरवरून नेलं, बुधवारी ऑपरेशन. चार दिवस तो मला कसं सांगायचं याचा विचार करत होता. मी म्हटलं, "तू आयुष्यभर गप्प बसून माणसं मारणार आहेस."

माझं पत्र तुला मिळालं होतं. रेषेवर जाऊ नकोस, असं मी लिहिलं आणि तू गेलास. मी लिहिलं नसतं तर गेला असतास का, हे मी तुला विचारणार नाही. तूही मला सांगू नकोस. सकाळपासून कुणी माझ्याशी बोललं तर मला दुसरं काही ऐकू येत नाही, तेवढंच ऐकू येतं.

की मला दाखवायला गेलास? म्हातारे, बघ, चुना आहे. तसं असेल तर पाहिला. स्वच्छ वाचता आला. एवढं मोठं पत्र तू मला कधी लिहिलं नव्हतंस.

चड्डी धुतली. राहू द्यावी असं कोच म्हणत होता. मी म्हटलं, मळके कपडे काय भिंतीवर लावायचेत? गार पाण्यात भिजवली, ब्रशने घासली, मशीनला लाथ घातली. शिव्या मात्र आज सुचल्या नाहीत. मोजा टाकून दिला. तो शिवून काही उपयोग नाही.

उद्या सकाळच्या बसने मी येते आहे. दुपारी चारच्या सुमाराला इस्पितळात पोचेन. कोच बरोबर आहे. तुला जिन्यावरून उतरवायला मी एकटी पुरणार नाही म्हणून, दुसरं कारण नाही. शिंपीण विचारत होती, "मावशी, खुर्ची परत आणून ठेवू का?" मी तिला सांगितलं, त्या खुर्चीचा पायसुद्धा माझ्या उंबऱ्याच्या आत यायचा नाही. कॉटवरचे इस्त्रीचे कपडे हलवले आहेत. झोपायचं असेल तर कॉट आहे, उठायचं असेल तर भिंत आहे. धरायला काही लागलंच तर कोचचा हात धर, त्याच्यावर पूर्ण भार टाक, तो सोसेल. माझ्यावर टाकू नकोस.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, आमच्यामागून पोचेल. मीच आणते आहे. तोंडाने यातलं काही मला बोलता यायचं नाही. तुझ्या हातात देईन आणि बाहेर जाऊन उभी राहीन. कोचही तिथेच असेल.

वाचून झालं की हाक मार. दोघांपैकी कुणालाही मार, दोघं आत येऊ. नाही मारलीस तर संध्याकाळची बस सहाला सुटते, तोवर आम्ही दाराबाहेर आहोत.

आशीर्वाद पहिल्या पत्रापासून राहिला आहे. इथवर वाचलंस ना, मग घे.

आजी